जुनी विद्युत गिटार : आधी ओळख, मगच दुरुस्ती

रांझी (जबलपूर) : निवृत्तीनंतर कारखान्याचे क्वार्टर सोडताना किंवा वडिलोपार्जित घराची वाटणी होताना माळ्यावरचे सामान खाली उतरते. ट्रंका, पितळेची भांडी आणि बंद पडलेला रेडिओ यांच्यासोबत कधी एखादी विद्युत गिटारही निघते. तिच्या तारा गंजलेल्या असतात, रंग तडकलेला असतो, एक-दोन बटणे हरवलेली असतात. तिचे काय करायचे याचा निर्णय बहुधा एका दुपारीच होतो. एक तर ती भंगारात जाते किंवा सुताराकडून घासून, रंगवून ‘नवी’ करून घेतली जाते. पहिल्या मार्गाने वाद्य नाहीसे होते. दुसऱ्या मार्गाने वाद्य उरते, पण ते कोणी, कुठे आणि केव्हा बनवले हे सांगणारा पुरावा कायमचा पुसला जातो.

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी हा भाग आयुधनिर्माणींच्या आश्रयाने वाढला. १९०४ मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाची आयुधनिर्माणी आणि १९६९ मध्ये उभी राहिलेली व्हेईकल फॅक्टरी यांमुळे देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. त्यांत मराठी आणि बंगाली कुटुंबांची संख्या लक्षणीय होती. जबलपूर हे रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने अँग्लो-इंडियन वस्तीही येथे होती आणि गिटार हे त्या समाजातील परिचित वाद्य. अशा गावात सापडलेली गिटार कोलकात्याची असू शकते, मुंबईहून आणलेली असू शकते किंवा परदेशातून कोणाच्या सामानात आलेली असू शकते. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी ओळखीचा प्रश्न उभा राहतो.

जोंगाचे उदाहरण

लष्करासाठी बनवलेली ‘जोंगा’ ही गाडी याच व्हेईकल फॅक्टरीची. आज ती जुन्या वाहनांच्या शौकिनांमध्ये लोकप्रिय आहे. जोंगा विकत घेणारा जाणकार रंगाचा डबा उघडण्यापूर्वी चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पाहतो, मूळ भाग कोणते व बदललेले कोणते याची यादी करतो. गिटारच्या बाबतीतही क्रम हाच आहे. फरक एवढाच, की वाहनाची नोंद परिवहन कार्यालयात असते. गिटारची नोंद तिच्या स्वतःच्या लाकडावर, रंगावर आणि तारांच्या जोडणीवर असते. ती खरवडली गेली, तर पुन्हा मिळवण्याचा दुसरा मार्ग नसतो.

वाद्याचे वय किती असू शकते?

व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेली पहिली विद्युत गिटार अमेरिकेत १९३२ मध्ये बाजारात आली. जॉर्ज बोशां यांनी तिची रचना केली आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने तिचे उत्पादन झाले. तव्यासारख्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची हवाईयन गिटार होती. तिच्या तंत्राला १९३७ मध्ये पेटंट मिळाले.

तंत्र साधे होते आणि आजही तेच आहे. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात.

भरीव लाकडाच्या गिटारचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९५० पासून सुरू झाले. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातील टेलिकास्टरला ते नाव १९५१ मध्ये मिळाले, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार १९५२ ची. गुणगुण कमी करणारा दुहेरी वेटोळ्यांचा ‘हंबकर’ पिकअप गिब्सनच्या गिटारांवर १९५७ पासून दिसू लागला. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यापूर्वीच्या फेंडर गिटारांना संग्राहकांमध्ये आजही वेगळे स्थान आहे. ही वर्षे लक्षात ठेवल्यास ‘आजोबांनी १९५० मध्ये आणलेली स्ट्रॅटोकास्टर’ यासारख्या अनेक घरगुती आठवणी लगेच पारखून घेता येतात.

भारतातील वाट

भारतात विद्युत गिटार प्रथम रुजली ती मांडीवरच्या हवाईयन रूपात. हवाईचे वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि त्यांच्या सहवासात तेथे वादकांची पिढी घडली. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी विद्युत गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. सुनील गांगुली यांच्या हवाईयन गिटारनेही तेच केले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभी धरून वाजवायची विद्युत गिटार स्थिरावली. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधील ‘दम मारो दम’ या गाण्यातील गिटारवादन गायक-वादक भूपिंदर सिंग यांचे होते. मुंबईच्या धोबीतलाव भागातील गोमंतकीय वादकांनी हे वाद्य चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणि लग्नसमारंभांच्या बँडमध्ये वाजते ठेवले. १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकानही याच भागातले.

१९९१ च्या उदारीकरणापूर्वी परदेशी वाद्य सरळ दुकानातून विकत घेणे सोपे नव्हते. परवाने आणि भारी आयातशुल्क आडवे येत. म्हणून १९६० व १९७० च्या दशकांतील अनेक भारतीय बँड देशात बनवलेल्या किंवा स्वतः जुळवलेल्या गिटारांवर आणि ॲम्प्लिफायरांवर वाजवत. वाद्यनिर्मितीचे मोठे केंद्र कोलकाता होते. लालबाजार आणि रवींद्र सरणी परिसरातील वाद्यांची दुकाने आजही प्रसिद्ध आहेत. ‘गिव्हसन’ हा कोलकात्याचा ब्रँड भारतभर परिचित आहे. अमेरिकी ‘गिब्सन’पेक्षा त्याच्या नावात एकाच अक्षराचा फरक असल्याने खुंट्यांजवळचे नाव घाईत वाचणाऱ्याची फसगत होते.

अमेरिकी कारखान्यांच्या गिटारांवर ग्रंथ आहेत, वर्षवार याद्या आहेत. भारतीय बनावटीच्या जुन्या गिटारांच्या वाट्याला अशा याद्या क्वचितच आल्या. परिणामी, माळ्यावरचे प्रत्येक वाद्य स्वतःच एक दस्तऐवज ठरते.

पहिले काम : हात न लावता नोंद

सापडलेल्या गिटारवर ओले फडकेही फिरवण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, खुंट्यांचा भाग, दांडी आणि धड यांचा सांधा, प्रत्येक ओरखडा. दिवसाचा उजेड तिरपा पडेल अशा जागी ठेवल्यास जुन्या छिद्रांच्या व पुसलेल्या अक्षरांच्या खुणा दिसतात. पेटीतील कागद, तारांची पाकिटे, पट्टा, दुकानाचे लेबल, पावती यांतील काहीही टाकू नये. घरातील ज्येष्ठांना वाद्य कोणाचे होते आणि कुठून आले हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. जुन्या अल्बममध्ये गणेशोत्सवाच्या मंचावरचे छायाचित्र असेल, तर ते अमूल्य ठरू शकते.

छायाचित्राचे महत्त्व एका प्रसिद्ध प्रकरणावरून कळते. कॅनडाचे गायक-गिटारवादक रँडी बाखमन यांची १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलातून चोरीला गेली. चार दशकांनंतर एका चाहत्याने जुन्या चित्रीकरणातील तिच्या लाकडाच्या रेषा संगणकाच्या मदतीने महाजालावरील छायाचित्रांशी ताडून पाहिल्या. ती गिटार जपानमधील एका संगीतकाराकडे निघाली आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोत बाखमन यांना परत मिळाली. लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. दोन झाडांच्या रेषा सारख्या नसतात. अपारदर्शक रंगाचा एक हात बसला असता, तर ही ओळख अशक्य होती.

पॉल मॅकार्टनी यांची १९६१ मधील हॉफनर बास गिटार १९७२ मध्ये चोरीला गेली होती. तीही इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर सापडली. ती परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले आणि निर्मात्या कंपनीने तिची पडताळणी केली. माळ्यावरच्या वस्तूला किंमत नसते, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

मोजपट्टी आणि स्क्रू काय सांगतात?

पहिली चाचणी मोजपट्टीची. खुंट्यांकडील पट्टीपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करावे. उत्तर सुमारे ६४८ मिलिमीटर आल्यास फेंडर पद्धतीची रचना आणि सुमारे ६२८ मिलिमीटर आल्यास गिब्सन पद्धतीची रचना असण्याचा संभव असतो. ही मापे इतरांनीही उचलली असल्याने त्यांवरून निर्माता ठरत नाही. मात्र एखाद्या नावाचा दावा खोटा असल्यास तो येथेच उघडा पडतो.

दुसरी चाचणी स्क्रूंची. अमेरिकी गिटारांचे आटे इंचाच्या मापाचे असतात, जपानी व युरोपीय गिटारांचे बहुधा मिलिमीटरचे. ज्या वसाहतींत फिटर आणि टर्नर घरोघरी आहेत, तेथे आटा मोजण्याचा गेज शोधावा लागत नाही. एकाच वाद्यावर दोन्ही प्रकारचे स्क्रू दिसले, तर काही भाग नंतर बदललेले आहेत असे समजावे.

तिसरी चाचणी झिजेची. सतत वाजवलेल्या गिटारचे फ्रेट तारांखाली खाचलेले असतात. जुन्या गिटारचे फ्रेट अगदी कोरे दिसले, तर ती कोणी वाजवलीच नाही असा निष्कर्ष घाईचा ठरतो. भारतात अनेक साध्या गिटारांच्या तारा उंच करून त्या मांडीवर हवाईयन पद्धतीने वाजवल्या जात. तेव्हा पोलादी कांडी तारेवरून सरकते, तार फ्रेटला टेकतच नाही. उंच केलेली पट्टी, जाड तारा आणि कोरे फ्रेट या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर वाद्याचा भूतकाळ बराचसा उलगडतो.

क्रमांकांचा अर्थ आणि त्यांची मर्यादा

अनुक्रमांक हा आरंभबिंदू आहे, निकाल नव्हे. १९७७ नंतरच्या गिब्सन गिटारांवर सामान्यतः आठ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिला व पाचवा अंक मिळून वर्ष होते आणि दुसरा ते चौथा अंक त्या वर्षातील दिवस सांगतात. उदाहरणार्थ, ८२३४१५६७ या क्रमांकातून ८ आणि १ म्हणजे १९८१ साल मिळते आणि २३४ वा दिवस म्हणजे २२ ऑगस्ट. त्याआधीच्या दशकात मात्र या कंपनीने काही क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले असल्याने केवळ क्रमांकावर विसंबता येत नाही. फेंडरच्या जुन्या गिटारांवर क्रमांकाची धातूची पट्टी कारखान्यातील पेटीतून हाताला येईल तशी लावली जाई. शिवाय अशी पट्टी चार स्क्रू काढून दुसऱ्या गिटारवर बसवता येते.

अधिक भरवशाची साक्ष आत असते. जुन्या फेंडर गिटारांच्या दांडीच्या टोकाला, सांध्यात लपलेल्या भागावर, पेन्सिलने किंवा शिक्क्याने तारीख टाकलेली आढळते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाला पोटेन्शिओमीटर, बोलीभाषेत पॉट, म्हणतात. अमेरिकी बनावटीच्या पॉटवर सांकेतिक अंक असतात. १३७६६२३ असे अंक असतील, तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, ६६ म्हणजे १९६६ आणि २३ म्हणजे त्या वर्षातील २३ वा आठवडा. याचा अर्थ गिटार त्या आठवड्यात बनली असा नाही. ती त्यापूर्वी बनलेली नाही, एवढाच याचा अर्थ. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे वापरला गेला. अर्थात हा नियम पॉट मूळचा असल्यासच लागू होतो. त्यासाठी त्यावरील सोल्डरचे डाग पाहावे लागतात. कधीही न हललेला, मळकट, एकसंध डाग हा मूळपणाचा पुरावा असतो. नवी चकाकी दिसली तर कोणीतरी आधी येऊन गेले आहे.

रंग : सर्वांत मोठी चूक येथेच होते

१९५० व १९६० च्या दशकांत अमेरिकी गिटारांवर प्रामुख्याने नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरले जाई. त्याचा थर पातळ असतो, काळाबरोबर तो पिवळसर होतो आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. फेंडरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरचा थर स्वीकारला. जुने नायट्रो लॅकर थिनरमध्ये विरघळते. म्हणूनच डाग काढण्यासाठी थिनरचा बोळा फिरवणे म्हणजे पुरावा हाताने पुसणे होय. फर्निचरचे पॉलिश आणि पॉलिश पेपर यांनाही हीच मनाई.

तपासणीसाठी एक स्वस्त साधन आहे. नोटा पारखण्यासाठी दुकानांत वापरतात तो अतिनील दिवा अंधाऱ्या खोलीत वाद्यावर धरला, तर जुने नायट्रो लॅकर हिरवट-पिवळसर उजळते आणि नंतर रंगवलेले भाग वेगळ्या, बहुधा गडद छटेत उठून दिसतात. दिव्याकडे थेट पाहू नये.

स्वच्छतेसाठी मऊ, कोरडे सुती कापड आणि अगदी किंचित ओलसर फडके पुरते. मूळ रंग काढून नव्याने रंगवलेल्या जुन्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा व्यापारातील ठोकताळा आहे. कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली जुनी प्लास्टिकची पट्टी बहुधा सेल्युलॉइडची असते. ती चटकन पेट घेते आणि कुजू लागल्यास तिच्या वाफांनी धातूचे भाग गंजतात. अशी पट्टी वाद्यापासून वेगळी, हवेशीर जागी ठेवावी.

फेरफार : दोष की इतिहास?

मूळपणाचा आग्रह भारतीय वाद्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. व्हॅन शिप्ले यांनी आपल्या गिटारला जादा तारा जोडून आठ तारांचे वाद्य घडवले होते. राग वाजवण्यासाठी गिटारला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडण्याची परंपरा येथे घडली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हे तिचे सर्वांत ख्यातनाम फलित, ज्यावरील वादनाच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अशा परंपरेत कडेला बसवलेली जादा खुंटी हे नुकसान नसून वादकाची सही असते. ती काढून छिद्र बुजवणारा कारागीर इतिहास बुजवतो.

परदेशातही हा विचार मान्य होत गेला आहे. डेव्हिड गिल्मोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर अनेक भाग बदललेली होती. तरीही २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमधील लिलावात तिला ३९,७५,००० डॉलर मिळाले, कारण प्रत्येक बदल कोणी आणि का केला याची नोंद होती. वादकाने गरजेपोटी केलेला बदल जपावा आणि विक्रीसाठी खुणा लपवणारा बदल टाळावा, हा यातून निघणारा विवेक.

दुरुस्तीचा क्रम

संग्रहालयांतील वाद्यजतनाची तीन तत्त्वे घरातही पाळता येतात. हस्तक्षेप कमीत कमी असावा, केलेले काम पुन्हा उलटवता यावे आणि प्रत्येक पायरीची नोंद राहावी.

सुरुवात दांडीपासून करावी. वैशाखातील कोरडी हवा आणि श्रावणातील दमट हवा यांत लाकूड आकसते व फुगते, त्यामुळे दांडी वाकते. दांडीच्या पोटातील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, हा वाक सावरते. तिचा नट एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि नंतर एक दिवस थांबावे. गंजलेला नट जोर लावून फिरवल्यास सळई तुटते आणि ती बदलण्यासाठी फिंगरबोर्ड उखडावा लागतो. वाद्य ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवणे उत्तम. स्वयंपाकघराशेजारची भिंत, पत्र्याखालचा माळा आणि मोटारीची डिकी या जागा टाळाव्यात.

नंतर विजेचा भाग. कुरकुरणारा पॉट बदलण्याआधी विजेच्या संपर्कबिंदूंसाठी मिळणारा क्लीनर वापरून तो अनेकदा फिरवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पिकअपची तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. एकेरी वेटोळ्याचा पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम आणि हंबकर साधारण ७ ते ९ किलोओहम रोध दाखवतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर आतील तार तुटलेली आहे.

तुटलेला पिकअप पुन्हा गुंडाळता येतो, पण हे काम पंख्याच्या मोटारीसारखे नव्हे. यातील तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाएवढी असते. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर तिचे साधारण ७,५०० ते ८,००० वेढे असतात. मोटर वाइंडिंगच्या कुशल कारागिरालाही आधी टाकाऊ वेटोळ्यावर सराव करावा लागतो. मूळ तार काढण्यापूर्वी वेढ्यांची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव लिहून ठेवावेत, अन्यथा दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ येतो. बदललेला प्रत्येक मूळ भाग लहान पिशवीत, चिठ्ठीसह, गिटारच्या पेटीतच ठेवावा.

ॲम्प्लिफायर : येथे जिवाशी गाठ आहे

गिटारसोबत जुना ॲम्प्लिफायर सापडला, तर तो लगेच विजेला जोडण्याचा मोह आवरावा. अमेरिकेतून आलेला संच सुमारे ११७ व्होल्टसाठी बनवलेला असतो. भारतातील २३० व्होल्ट त्यात गेल्यास ट्रान्सफॉर्मर जळतो. त्याहून मोठा धोका माणसाला असतो. वाल्व्हच्या संचातील कपॅसिटरांमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० ते ४५० व्होल्टचा साठा राहू शकतो. उघड्या संचात बोट लागले, तर तो प्राणघातक ठरतो.

जुन्या संचांना अनेकदा दोन पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंग नसते. अशा संचाला जोडलेली गिटार हातात आणि ओठांजवळ मायक्रोफोन अशा स्थितीत वादकाच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. ३ मे १९७२ रोजी स्कॉटलंडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा वेल्समधील स्वान्सी येथे मंचावरच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. उत्सवी मंडपांतील तात्पुरत्या वीजजोडण्या पाहता हा इशारा आपल्याकडेही तितकाच लागू आहे. तीन पिनांची अर्थिंग असलेली जोडणी, जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची बदली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या तीन गोष्टींवर मूळपणाचा कोणताही युक्तिवाद लागू होत नाही. वाल्व्ह संचांचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडूनच हे काम करून घ्यावे. काढलेले भाग मात्र जपून ठेवावेत.

कायदा काय म्हणतो?

पुरातन वस्तू व कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार पुरातन वस्तू ठरण्यासाठी सामान्यतः किमान १०० वर्षांचे वय लागते. व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेली पहिली विद्युत गिटारही २०३२ पूर्वी या वयाला पोहोचत नाही. म्हणजे आज या वाद्यांना कायद्याचे कवच नाही. त्यांचे भवितव्य पूर्णपणे मालकाच्या हाती आहे.

लाकडाच्या बाबतीत मात्र कायदा आहे. अनेक गिटारांचा फिंगरबोर्ड शिसवीचा असतो आणि भारतीय शिसव जगभर त्यासाठी वापरली जाते. वन्यजीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ करारात २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जाती नियंत्रणाखाली आल्या. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलची शिसव मात्र १९९२ पासून अधिक कडक यादीत आहे आणि तिला ही सूट नाही. जुनी अमेरिकी गिटार परदेशी विकायची किंवा पाठवायची असेल, तर फिंगरबोर्डचे लाकूड कोणते हे आधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

कारागीर जवळच असू शकतो

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील तंतुवाद्य कारागिरांची परंपरा शिकलगार घराण्यांतून आली आहे. शस्त्रांना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. आयुधनिर्माणींच्या आसऱ्याने वाढलेल्या रांझीसारख्या भागात लेथवर हरवलेला स्क्रू नेमक्या आट्यासह घडवणारे किंवा तुटलेल्या ब्रिजचा तुकडा कानशीने जुळवणारे हात दुर्मीळ नाहीत. त्यांना वाद्याची माहिती नसेल, पण मापाची शिस्त असते. मालकाने केलेली नोंद त्यांच्यासमोर ठेवली, तर काम सुरक्षित होते.

म्हणून माळ्यावरून गिटार खाली आली, की आधी एक वही आणावी. त्यात सापडल्याची तारीख, जागा, मापे, क्रमांक, घरच्यांच्या आठवणी आणि पुढे झालेले प्रत्येक काम लिहावे. वही गिटारच्या पेटीतच राहू द्यावी. वाद्य पुन्हा वाजू लागले तर आनंदच आहे. ते न वाजताही पुढच्या पिढीकडे गेले, तरी ते कोणाचे होते आणि कोणत्या गावात वाजत होते, हे सांगणारे कोणीतरी त्याच्यासोबत असेल.